प्लाझ्मा कटर कोणता घ्यायचा? पेटीवरच्या चार आकड्यांचा इतिहास

गेल्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला आणि माझी विकेट गेली. "तू तं प्लाझ्मावरच शिकून राह्यली ना? मंग मले सांग, कटर कोणता घ्याचा?"

मी थर्मल प्लाझ्मावर पीएचडी करते. प्रयोगशाळेत विजेच्या आर्कमध्ये धातूची वाफ करायची आणि ती थंड करून बारीक भुकटी मिळवायची, हे माझं रोजचं काम. आर्कचं तापमान कसं काढायचं यावर मी तासभर बोलू शकते. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालेल असं यंत्र कोणतं, हे मला सांगता येईना.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. बाबांचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे. खिडक्यांच्या जाळ्या, दरवाजे, ट्रॉलीचे पत्रे, हंगाम आला की पेरणीयंत्रांची आणि मळणीयंत्रांची दुरुस्ती. कापायला ग्राइंडर आणि गॅस कटर. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी एक इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं होतं, ते मे महिन्यात कार्ड जळून बंद पडलं. त्यामुळे नवीन यंत्राचं नाव काढलं की आईच्या कपाळावर आठ्या. या वेळी पैसे माझ्या फेलोशिपचे होते. बरेच महिने अडकलेले हप्ते एकदम आले होते आणि ते मी बाबांना देऊ केले होते. म्हणजे चूक झाली असती तर ती माझ्या शिक्षणाच्या नावावर लिहिली गेली असती!

दुकानदाराने बाबांच्या मोबाइलवर पेटीचा फोटो पाठवला होता. त्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत होत्या: ४० अँपिअर, २२० व्होल्ट, ड्यूटी सायकल ६० टक्के, कटिंग १६ मिमी. या चार आकड्यांचा अर्थ लावायला मला सत्तर वर्षं मागे जावं लागलं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रवास तुमच्या कामाचा आहे. 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणजे कोणी काय केलं याची यादी असं आपण समजतो. मीही तसंच समजत होते.

मुळात हे यंत्र कशासाठी जन्माला आलं?

आधी गॅस कटर समजून घेऊ. आपण म्हणतो गॅसने लोखंड 'वितळवून' कापतात. ते अर्धसत्य आहे. ज्योतीने लोखंड लालभडक केलं आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला, की लोखंड चक्क जळतं. जळून तयार होणारं लोखंडाचं ऑक्साइड साधारण १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, तर लोखंड स्वतः १,५३८ अंशांना. म्हणजे राख आधी पातळ होते आणि झोताबरोबर वाहून जाते. खाली नवं लोखंड उघडं पडतं, ते जळतं, आणि काप पुढे सरकतो.

आता ॲल्युमिनियम घ्या. ते ६६० अंशांना वितळतं, पण त्याचं ऑक्साइड २,०७२ अंशांना. इथे धातू कधीच पातळ झालेला असतो आणि वरची साय मात्र टणक. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियमचं ऑक्साइड असाच आडवा येतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर विमानं, रासायनिक कारखाने, दुधाच्या टाक्या यांत हे दोन धातू भरपूर वापरले जाऊ लागले आणि गॅस कटर तिथे हतबल ठरला.

प्लाझ्मा कटर हे त्या अडचणीचं उत्तर होतं. साधं लोखंड कापण्यासाठी तो आलेलाच नव्हता!

हे वाचलं आणि मी थबकले. बाबांच्या शेडमध्ये ॲल्युमिनियम जवळपास नाहीच. सगळं साधं लोखंड. मग आपल्याला हे यंत्र हवं तरी कशाला? बाबांना फोन केला तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं. पातळ पत्रा गॅसने कापला की उष्णतेने वाकतो. सिलिंडर संपला की काम टाकून तालुक्याला जावं लागतं. ग्राइंडरने गोल कापता येत नाही आणि चाकं झिजतात. कारणं पक्की होती, पण यंत्र ज्या कारणासाठी जन्मलं त्याहून वेगळी होती. असं वेगळं कारण दिसलं की समजायचं, मधे कुठेतरी यंत्र बदललेलं आहे. ते कधी आणि कसं बदललं, हा माझा पुढचा प्रश्न झाला.

चिमटीत धरलेला आर्क

विजेचा आर्क माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान वाढलं की वायूतले किती अणू आयनीभूत होतात याचं समीकरण मांडलं. ते सूर्याच्या वातावरणाचा विचार करत होते, पण टॉर्चमधला वायू वीज का वाहून नेतो हे समजायला आजही तेच समीकरण लागतं. १९२८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या स्कनेक्टडी इथल्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युर यांनी अशा आयनीभूत वायूला 'प्लाझ्मा' हे नाव दिलं. जर्मनीत गेर्डीन आणि लोट्झ यांनी तर १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाण्याच्या भोवऱ्यातून आर्क जाऊ दिला होता. बाहेरचं पाणी आर्कला आवळतं, आर्क बारीक होतो आणि भयंकर तापतो, हे त्यांनी दाखवलं.

म्हणजे 'आर्क आवळला की जास्त तापतो' हे ज्ञान तीस वर्षं पडून होतं. कापायचं यंत्र मात्र कोणी बनवलं नाही, कारण तेव्हा तो प्रश्न कोणाला भेडसावतच नव्हता.

तो भेडसावला १९५०च्या दशकात, युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात. तिथे रॉबर्ट गेज टंगस्टन इलेक्ट्रोडच्या आर्कवर काम करत होते. त्यांनी आर्कला पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या अरुंद भोकातून, म्हणजे नोझलमधून, जायला लावलं. वायूचा वेग वाढला, तापमान वाढलं, आणि तो झोत धातू वितळवून फुंकून टाकू लागला. जाळायची गरज उरली नाही, त्यामुळे ऑक्साइडचा अडसरही उरला नाही. त्यांनी पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये केला. अमेरिकी पेटंट क्रमांक २८०६१२४, मंजुरी सप्टेंबर १९५७.

इथे एक सावधगिरी. 'प्लाझ्मा कटिंग दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये जन्मलं' असं तुम्हाला सहज वाचायला मिळेल. ही सरमिसळ आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी विकसित केलं ते हेलियम वायूतलं टंगस्टन आर्क वेल्डिंग, म्हणजे आजच्या टिग वेल्डिंगचं मूळ. प्लाझ्मा टॉर्च त्याच घराण्यातली, पण पुढच्या पिढीची. आजोबांची जन्मतारीख नातवाला चिकटवायची नाही. मीही माझ्या पहिल्या टिपणात १९४१ लिहिलं होतं. पेटंट उघडल्यावर खोडलं. मूळ कागद उघडायला दहा मिनिटं लागतात, तो आळस करू नका.

आता पेटीकडे. आर्क अरुंद भोकातून ढकलायचा तर त्याला जास्त व्होल्टेज लागतं. वेल्डिंगच्या आणि प्लाझ्माच्या यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात हे थेट दिसतं. रॉडच्या वेल्डिंगसाठी ठरवलेलं व्होल्टेज २० अधिक करंटचा ०.०४ पट, तर प्लाझ्मा कटिंगसाठी ८० अधिक करंटचा ०.४ पट. मांडून पाहा:

वेल्डिंग, १२० अँपिअर: २४.८ व्होल्ट, म्हणजे सुमारे ३ किलोवॅट.
प्लाझ्मा, ४० अँपिअर: ९६ व्होल्ट, म्हणजे ३.८ किलोवॅटच्या वर.

अँपिअर एकतृतीयांश, पण वीज जास्त! बाबा म्हणत होते, "वेल्डिंग एकशेवीसवर चालते, हे तं चाळीसचंच हाय, लाइनवर लोड येनार नाही." पेटीवरचा ४० हा आकडा असा फसवतो. शिवाय बिनभाराचं व्होल्टेज २०० ते ३०० व्होल्ट डीसीपर्यंत असू शकतं. वेल्डिंग मशीनला शॉक बसला तर माणूस हात झटकून हसतो, इथे तसं हसता येणार नाही. अर्थिंग हवंच.

हवा फुकट, पण इलेक्ट्रोड महाग

गेज यांच्या टॉर्चला आर्गॉन, हायड्रोजन, नायट्रोजन असे वायू लागत. आमच्या शेडला ते परवडलं नसतं. यंत्र गरिबाघरी यायला पहिली पायरी म्हणजे साधी हवा वापरणं, आणि ती १९६०च्या दशकात चढली गेली. हवेतला ऑक्सिजन लोखंड जाळायलाही मदत करतो, त्यामुळे साधं लोखंड उलट वेगाने कापलं जातं. पण तोच ऑक्सिजन टंगस्टनचा इलेक्ट्रोडही क्षणात खाऊन टाकतो.

तोडगा निघाला तो तांब्याच्या इलेक्ट्रोडमध्ये झिर्कोनियमचा, आणि पुढे हाफ्नियमचा, बारीक ठिपका बसवून. हाफ्नियमचं ऑक्साइड सुमारे २,८०० अंशांपर्यंत घट्ट राहतं आणि तापलेल्या अवस्थेत इलेक्ट्रॉनही सोडतं. हा धातू मिळतो कुठून? अणुभट्टीच्या इंधननळ्यांसाठी झिर्कोनियम लागतं, आणि त्यात हाफ्नियमचा अंश चालत नाही, कारण ते न्यूट्रॉन गिळतं. म्हणून ते वेगळं काढावं लागतं. अणुउद्योगाने बाजूला काढलेला धातू खेड्यातल्या शेडमध्ये पत्रा कापतो, हे कळल्यावर मी इलेक्ट्रोड हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते.

पण हा ठिपका फार नाजूक. हवेत पाणी किंवा तेल असलं की तो झपाट्याने खड्डा धरतो. म्हणजे 'हवा फुकट' हे खरं नाही. ४० अँपिअरच्या आसपासच्या टॉर्चना, मॉडेलनुसार, मिनिटाला साधारण १०० ते १९० लिटर हवा लागते, तीही पाच-सहा बार दाबाने आणि कोरडी. पंक्चरच्या दुकानातला छोटा कॉम्प्रेसर टाकी भरून देतो, पण काप अर्ध्यावर असताना दम टाकतो. कॉम्प्रेसरवर बऱ्याचदा पिस्टन किती हवा ओढतो तो आकडा छापतात. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी असते, तो आकडा वेगळा विचारून घ्यावा लागतो. यंत्राच्या पेटीवर मात्र हवेबद्दल मोठ्या अक्षरांत काहीच नसतं.

कारखान्यातून शेडमध्ये

१९६८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड काउच आणि रॉबर्ट डीन यांनी आर्कभोवती पाणी सोडून तो आणखी आवळायची पद्धत काढली आणि हायपरथर्म ही कंपनी सुरू झाली. ती वाट मोठ्या कारखान्यांची: पाण्याची टेबलं, शेकडो अँपिअर, थ्री-फेज. तेव्हाचा वीजपुरवठा करणारा भाग म्हणजे जाडजूड ट्रान्सफॉर्मर, दोघांनी उचलायचा.

छोट्या शेडची वाट उघडली ती इलेक्ट्रॉनिक्सने. जनरल इलेक्ट्रिकच्या त्याच स्कनेक्टडीत, लँगम्युर यांच्यानंतर अर्ध्या शतकाने, बी. जयंत बालिगा हे आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले अभियंते आयजीबीटी या नव्या स्विचवर काम करत होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार झाला. मोठा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करता येऊ लागला. वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो. म्हणून आज यंत्र एका हाताने उचलता येतं आणि घरच्या सिंगल-फेजवर चालतं.

ज्या गावात प्लाझ्माला नाव मिळालं, त्याच गावात तो घरापर्यंत आणणारा स्विच जन्मला. पण या स्विचचा स्वभाव जुन्या ट्रान्सफॉर्मरसारखा सोशिक नाही. लाइनचं व्होल्टेज पडलं की तेवढीच शक्ती द्यायला तो जास्त करंट ओढतो, तापतो, आणि उष्णता बाहेर गेली नाही की मरतो. आमचं वेल्डिंग मशीन मे महिन्यातच का मेलं असावं, याचा अंदाज मला इथे आला.

पेटी पुन्हा वाचू

आता तेच चार आकडे, पण प्रश्नांच्या रूपात.

ड्यूटी सायकल ६० टक्के: दहा मिनिटांतली सहा मिनिटं. पण किती अंश तापमानाला? मानक ४० अंश सेल्सिअस धरतं. पेटीवर तापमान लिहिलेलंच नसेल तर त्या ६०चा भरवसा नाही. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली तर विचारू नका.

कटिंग १६ मिमी: हा बहुधा 'कसंबसं तुटतं' तो आकडा. रोज स्वच्छ कापता येईल ती जाडी वेगळी, आणि पत्र्याच्या मधोमध भोक पाडून सुरुवात करता येईल ती त्याहूनही कमी. बाबा जाडी सुतात मोजतात. त्यांच्या कामाच्या वहीत बहुतेक माल दीड-दोन सुताच्या आतला, म्हणजे ५–६ मिमीपर्यंतचा होता. तीन सुताच्या प्लेटा अधूनमधून. त्यावरच्या जाडीला गॅस कटर आहेच, तो विकायचा नाही.

पायलट आर्क: हे पेटीच्या पुढच्या बाजूला नव्हतंच. टॉर्च धातूला टेकवल्याशिवाय आधीच छोटा आर्क पेटतो का, हा प्रश्न. आमच्याकडे येणारी पेरणीयंत्रं गंजलेली आणि रंगाचे थर चढलेली असतात. जाळी कापताना तर आर्क दर भोकाशी तुटतो. आमच्यासाठी हे चारही आकड्यांपेक्षा महत्त्वाचं होतं.

आणि २२० व्होल्ट. यावर मी खरी चूक केली. घरी मल्टिमीटर ठेवून आले होते, आईला सांगितलं, रोज दुपारी आणि संध्याकाळी शेडमधल्या प्लगचं व्होल्टेज लिही. तिने कॅलेंडरच्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहिलं: २२४, २२६, २२१. मी खूश! बाबा म्हणाले, "वेल्डिंग चालू करू का मंग मोजाले?" त्यांचं जुनं मशीन चालू असताना तोच प्लग १८५ दाखवत होता. मी बिनभाराचं मोजमाप करून निष्कर्ष काढायला निघाले होते. प्रयोगशाळेत पदवीच्या पोरांना मी याच चुकीबद्दल रागावते.

हिशेब करा. ३.८ किलोवॅट बाहेर द्यायचे, कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७५ धरला, तर २३० व्होल्टला सुमारे २६ अँपिअर लागतात. १८५ला सुमारे ३३. वर कॉम्प्रेसर वेगळा. आणि प्लग १६ अँपिअरचा!

मग आणखी एक मोजमाप केलं. वेल्डिंग चालू असतानाच मीटरजवळ पाहिलं, तिथे २१० होते. म्हणजे २५ व्होल्ट मीटरपासून शेडपर्यंतच्या आमच्याच वायरीत गायब होत होते. जुनी ॲल्युमिनियमची वायर, तीन ठिकाणी जोडलेली. आम्ही इतकी वर्षं लाइनला शिव्या देत होतो.

मग घेतला कोणता?

आधी यंत्र घेतलंच नाही. पैशांचा पहिला हिस्सा मीटरपासून तांब्याच्या जाड केबलला, वेगळ्या एमसीबीला आणि अर्थिंगला गेला. मंजूर भार वाढवून घ्यायचा अर्ज केला. दुसरा हिस्सा कॉम्प्रेसर आणि पाणी गाळणाऱ्या फिल्टरला. उरलेल्यात ४० अँपिअरचं, पायलट आर्क असलेलं, ड्यूटी सायकल ४० अंशांना लिहिलेलं साधं यंत्र पाडव्याला आलं. फोटोतल्या पेटीपेक्षा त्याच्यावरचा कापायच्या जाडीचा आकडा लहानच होता. निवडताना शेवटची अट बाबांची होती: ज्या टॉर्चचे नोझल आणि इलेक्ट्रोड अकोल्यात दोन-तीन दुकानांत मिळतात, तीच टॉर्च. ही अट माझ्या कोणत्याच पेपरात नव्हती.

बाबा परवा फोनवर म्हणाले, "यंत्र तं कोनीही इकलं असतं. वायरीचं कोनी सांगितलं नसतं." मी म्हटलं, मोजायचं कसं ते तुम्हीच सांगितलंत.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या प्रयोगशाळेतलं एक यंत्र निवडा, जे तुम्ही रोज वापरता आणि ज्याबद्दल कधी विचार केला नाही. त्याच्या प्रत्येक बटणासमोर लिहा: हे बटण कोणत्या अडचणीमुळे आलं? कोणाची अडचण होती ती? माझ्या प्रयोगात ती आहे का? तीन बटणांची उत्तरं मूळ पेटंट किंवा मूळ पेपर उघडून शोधा. मुलाखतीत 'तुमच्या विषयाची पार्श्वभूमी सांगा' असं विचारलं, तर पाठ केलेल्या यादीपेक्षा हे कामी येईल.

आमच्या यंत्राची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. जुलैत हवा ओली झाली की फिल्टर किती टिकतो आणि हाफ्नियमचा ठिपका किती दिवस पुरतो, ते बघायचंय. आई कॅलेंडरवर लिहीत आहे, आणि आता भार चालू असतानाच लिहिते.